जुळवून कोण घेतं? जाकार्तातले एक्सपॅट आणि आपले संशोधनप्रश्न

'परदेशी व्यावसायिकांचं स्थानिक संस्कृतीशी समायोजन : एक अभ्यास' असं शीर्षक तुम्ही सिनॉप्सिसवर लिहिणार असाल, तर थोडं थांबा. 'पेट' झाली, गाइड मिळाले, आता काहीतरी सादर करायचंय, अशा घाईत हे शीर्षक फार सोयीचं वाटतं. शहराचं नाव बदललं की नवा विषय तयार. प्रश्नावली आयती मिळते, मागचे संदर्भ ढिगाने सापडतात आणि समितीत कोणी फारसं अडवत नाही.

माझं म्हणणं असं, की ह्या शीर्षकातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आधी तपासायला हवा. 'परदेशी व्यावसायिक', म्हणजे बोलीतला 'एक्सपॅट', कोणाला म्हणायचं? 'स्थानिक' कोण? आणि मुख्य म्हणजे, जुळवून घेण्याचं काम प्रत्यक्षात करतं कोण? ह्यासाठी जाकार्ता हे एकच शहर घेऊ आणि ह्या विषयावरच्या दोन प्रकारच्या लेखनाकडे बघू: एक व्यवस्थापनशास्त्रातलं, दुसरं मानववंशशास्त्रातलं.

मोजपट्टी काय मोजते?

व्यवस्थापनशास्त्राची परंपरा जुनी आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगोर ह्यांनी १९५५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांच्या मुलाखतींवर तो आधारलेला होता. सुरुवातीला उत्साह, मग घसरण, मग पुन्हा सावरणं, हा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख तिथून आला. १९६० मध्ये कालेर्वो ओबर्ग ह्यांच्या लेखाने 'कल्चर शॉक' हा शब्द रूढ केला. पुढे १९९१ मध्ये ब्लॅक, मेंडेनहॉल आणि ओडू ह्यांनी समायोजनाचे तीन भाग मांडले: कामाशी, यजमान देशातल्या माणसांशी आणि रोजच्या जगण्याशी. ब्लॅक आणि स्टीफन्स ह्यांची १९८९ सालची १४ प्रश्नांची मोजपट्टी ह्याच तीन भागांना धरून आहे. घर, जेवण, खरेदी, दवाखाना, करमणूक ह्यांच्याशी तुम्ही किती जुळवून घेतलंय, ते एक ते सात गुणांत सांगायचं.

ही मोजपट्टी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. कंपनीने बाहेर पाठवलेला माणूस मुदतीआधी परत का येतो, हा कंपनीचा प्रश्न होता आणि त्यासाठी हे हत्यार ठीकच आहे. अडचण येते ती कंपनीचा प्रश्न आपण समाजशास्त्राचा प्रश्न म्हणून उचलतो तेव्हा.

दक्षिण जाकार्तातल्या केमांग भागात राहणारा एक युरोपीय मॅनेजर डोळ्यांपुढे आणा. हा भाग परदेशी कुटुंबांसाठी प्रसिद्ध आहे, आणि पावसाळ्यात पाणी तुंबण्यासाठीही. 'घर' आणि 'रोजचं जगणं' ह्या प्रश्नांना तो सातपैकी सात गुण देतो. हे सात गुण आले कुठून? कोणता रस्ता पाण्याखाली आहे आणि आज सम तारखेला कोणत्या क्रमांकाची गाडी मुख्य रस्त्यावर नेता येत नाही, हे त्याच्या ड्रायव्हरला माहीत असतं. मुलांना काय तिखट लागतं ते मोलकरीण शिकलेली असते. गेटवरचा 'सातपाम', म्हणजे सुरक्षारक्षक, कोणाला आत सोडायचं ते ठरवतो. जुळवून घेण्याचे कष्ट तिघांनी केले आणि गुण चौथ्याच्या नावावर जमा झाले. प्रश्नावली फक्त त्या चौथ्यापर्यंत पोचते, त्यामुळे विदेत ह्या तिघांचा मागमूसही राहत नाही.

बुडबुडा, आणि त्यात रोज येणारी माणसं

मानववंशशास्त्रातलं लेखन ह्यापेक्षा बरंच सूक्ष्म आहे. आन-माइके फेख्टर ह्यांचं इंडोनेशियातल्या एक्सपॅट लोकांवरचं पुस्तक २००७ साली आलं. जाकार्तावर काम करायचं तर हे पुस्तक टाळता येत नाही. जागतिकीकरणाच्या काळात वरच्या वर्गाची माणसं जगभर सहज वाहतात, ही त्या वेळची लाडकी कल्पना होती. फेख्टर दाखवतात की ही माणसं वाहत नाहीत, ती रोज कुंपणं घालत असतात. राहतं घर, क्लब, शाळा, अगदी स्वतःचं शरीर, सगळीकडे सीमा आखल्या जातात. गोऱ्या माणसाला तिथे 'बुले' म्हणतात. जगाकडे बघण्याची सवय असलेल्या माणसाकडे लोक टक लावून बघू लागले की त्याचं काय होतं, ह्यावरचा फेख्टर ह्यांचा २००५ सालचा निबंधही जरूर वाचा.

ह्या लेखनातला सगळ्यात गाजलेला शब्द म्हणजे 'बुडबुडा'. एक्सपॅट लोक स्वतःच आपल्या जगण्याला असं म्हणतात: आम्ही बुडबुड्यात राहतो, बाहेर खरं इंडोनेशिया आहे. इथे एक टीका करावीशी वाटते. लोक स्वतःविषयी वापरतात तो शब्द नोंदवणं हे संशोधकाचं काम आहेच. पण तोच शब्द विश्लेषणाची चौकट झाला, की त्याच्यातला आंधळा कोपराही आपल्याकडे येतो. बुडबुडा म्हटलं की आत आणि बाहेर असे दोन भाग पडतात आणि मध्ये पातळ पडदा येतो. आता त्या बंगल्यात कोण कोण आहे ते मोजा. बहुतेक वेळा परदेशी माणसांच्या बरोबरीने इंडोनेशियन माणसं त्याच कुंपणाच्या आत काम करत असतात. ज्याला मालक एकांत म्हणतो, ती कोणाची तरी कामाची जागा असते.

हे सिद्ध करायला मोठं सर्वेक्षण लागत नाही, कॅलेंडर पुरतं. ईदच्या आधी जाकार्तातून लाखो माणसं गावी जातात. ह्या प्रवासाला 'मुदिक' म्हणतात. गणपतीला चाकरमानी कोकणात निघाले की मुंबईचं काय होतं ते आठवा, म्हणजे अंदाज येईल. त्या दिवसांत घरकामाला बदली बाई मिळवण्यासाठी धावपळ होते. अशा बदली बाईला 'इन्फाल' म्हणतात आणि तिचा दर नेहमीपेक्षा चढा असतो. ज्यांना परवडतं ती कुटुंबं सरळ हॉटेलात राहायला जातात. ह्यात श्रीमंत इंडोनेशियनही आले आणि एक्सपॅटही. म्हणजे पडद्याची जागा वेगळीच निघाली. ती देशी-विदेशी ह्यांच्यामध्ये नसून कामाला माणूस ठेवणारा आणि कामाला राहणारा ह्यांच्यामध्ये आहे.

फेख्टर ह्यांनी एक्सपॅट लोकांचाच अभ्यास करायचं ठरवलं होतं, तेही मुख्यतः युरोप-अमेरिकेतून आलेल्यांचा. एका पुस्तकाकडून सगळं मागू नये. दोष आपला होतो, जेव्हा आपण ती मर्यादा गाळून फक्त 'बुडबुडा' हा शब्द साहित्यसमीक्षेच्या प्रकरणात आणून ठेवतो.

'स्थानिक' कधीपासून स्थानिक?

आता दुसरा शब्द. जाकार्तात फार काळ राहिलेले परदेशी लोक पुष्कळदा म्हणतात, इथे संस्कृती कुठाय, संस्कृती बघायची तर योग्याकार्ताला जा, बालीला जा. ह्यात एक गृहीतक लपलेलं आहे: संस्कृती म्हणजे जुनं, शुद्ध आणि एका जागी थांबलेलं काहीतरी.

डच कंपनीने १६१९ मध्ये जायाकार्ता जिंकून तिथे बटाव्हिया वसवलं. बाली, सुलावेसी आणि इतर बेटांवरून गुलाम आणले गेले. चिनी आणि अरब व्यापारी आले. पोर्तुगीज बोलणारे 'मार्डाइकर' आले, आणि त्यांच्यात भारताच्या किनाऱ्यांवरून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशजही होते. ह्या सरमिसळीतून जो समाज घडला तो 'बेतावी'. जाकार्ताचे मूळ रहिवासी म्हणून आज ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यांची वेगळा गट म्हणून नोंद १९३० च्या जनगणनेत दिसते. आणि २००० सालच्या जनगणनेत जाकार्ता प्रांतात जावानीज सुमारे ३५ टक्के होते, बेतावी २८ टक्क्यांच्या आसपास. जाकार्तात 'मूळचे' लोक बहुसंख्य नाहीत.

दंगदुत संगीताचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं आहे. ड्रायव्हरच्या रेडिओवर वाजणारं हे 'अस्सल स्थानिक' संगीत. त्याचं नाव तालवाद्याच्या बोलावरून पडलंय आणि त्याच्या जडणघडणीत मलय गाण्यांबरोबर हिंदी चित्रपटसंगीताचाही वाटा आहे. अँड्र्यू वाइनट्रॉब ह्यांचं दंगदुतवरचं २०१० सालचं पुस्तक ह्या प्रवासाचा चांगला मागोवा घेतं. मग दंगदुत ऐकणारा भारतीय इंजिनिअर 'परक्या संस्कृतीशी जुळवून' घेतोय का? मोजपट्टीवर ह्याला उत्तर नाही.

पासार बारू भागातल्या सिंधी कापडव्यापाऱ्यांचं काय? काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. इंडोनेशियन टीव्ही मालिकांचे मोठे निर्माते राम पंजाबी सिंधी वंशाचे आहेत आणि जन्मले सुराबायात. घराघरांत बघितल्या जाणाऱ्या मालिका त्यांनी बनवल्या. ते एक्सपॅट नाहीत, पण 'स्थानिक' म्हटलं की डोळ्यांपुढे येणाऱ्या चित्रातही बसत नाहीत. आपली दोन खणांची पेटी इथे मोडते.

एक बाई, दोन नावं

मध्य जावातल्या एखाद्या गावातून एक बाई केमांगला घरकामाला येते. आपल्या प्रबंधात ती 'स्थानिक'. खरं तर तिनेही स्थलांतर केलंय, आणि मालकाप्रमाणे तीही कामासाठीच ह्या शहरात आलीय. चार वर्षांनी ती सिंगापूरला त्याच कामाला जाते. आता तिचं नाव 'स्थलांतरित कामगार'. तिचा केमांगमधला मालक मात्र जाकार्तात असो की सिंगापुरात, एक्सपॅटच राहतो. सारा कुन्झ ह्यांनी २०२३ सालच्या पुस्तकात 'एक्सपॅट' ह्या शब्दाचाच पाठलाग केलाय. हा शब्द माणसाचं वर्णन करतो त्यापेक्षा जास्त त्याची जागा ठरवतो, हे त्यांचं काम वाचताना लक्षात येतं.

मराठीतही हेच चालतं. अमेरिकेतला इंजिनिअर 'अनिवासी भारतीय', दुबईच्या बांधकामावरचा 'आखातात गेलेला', आणि नाशिकच्या कारखान्यात बिहारहून आलेला 'परप्रांतीय'. तिघेही पोटासाठीच घराबाहेर पडले.

ह्या नावांना कायद्याचं वजन असतं. इंडोनेशियात परदेशी माणूस नोकरीला ठेवायचा तर कंपनीला सरकारकडून आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि प्रत्येकामागे दरमहा १०० डॉलर शुल्क भरावं लागतं. म्हणजे एक्सपॅट नोंदलेला असतो. घरकामगारांच्या संरक्षणाचा कायदा मात्र २००४ साली पहिल्यांदा मांडला गेला आणि पुढची वीस वर्षं संसदेत अडकून राहिला. मे १९९८ च्या दंगलीत हजारांहून अधिक माणसं मेली, चिनी वंशाच्या लोकांना लक्ष्य केलं गेलं. दूतावासांनी आपापल्या नागरिकांना विमानांनी बाहेर काढलं. कोण एक्सपॅट आणि कोण नाही, ह्याची व्याख्या त्या आठवड्यात फार स्पष्ट झाली: ज्याला नेायला कोणीतरी येतं तो एक्सपॅट.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

पहिलं, एकक बदला. 'एक्सपॅट व्यक्ती' ऐवजी 'घर' किंवा 'कार्यालय' हे एकक घ्या. त्या घरात किती माणसं, कुठून आलेली, कोणत्या परवान्यावर, कोण कोणाची भाषा शिकलं? २०० फॉर्म भरून घेण्यापेक्षा दहा घरांमध्ये दोन्ही बाजूंनी केलेल्या मुलाखती जास्त सांगतील.

दुसरं, नमुना कुठून येतो ते बघा. परदेशातल्या मराठी माणसांवर काम करणारे बरेच जण मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात गूगल फॉर्म टाकतात. मंडळाची वर्गणी भरणारा आणि गणेशोत्सवाच्या समितीत असणारा माणूसच त्यातून मिळतो. मग 'मराठी समाज संस्कृती जपतो' हा निष्कर्ष निघतो, कारण जपणाऱ्यांनाच विचारलेलं असतं.

तिसरं, आणि हे नीतीचं आहे. मोलकरणीची मुलाखत मालकाच्या ओळखीने आणि मालकाच्या स्वयंपाकघरात घेतली, तर तिची संमती ही संमती नव्हे. तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिने निवडलेल्या जागी, तिच्या भाषेत बोलता येणार नसेल, तर तेवढा भाग करू नका आणि प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. चुकीच्या मार्गाने घेतलेल्या मुलाखतीमुळे तिची नोकरी जाऊ शकते.

गाइड म्हणतील, व्याप्ती फार वाढते. त्यांना सांगा की घरांची संख्या आपण कमी करतोय, पण प्रत्येक घरातली सगळी माणसं मोजतोय. आणि शीर्षकातलं 'समायोजन' हे नाम काढून तिथे क्रियापद घालून बघा: कोण, कोणासाठी, काय बदलतं, आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात? ह्या चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या संशोधनपद्धतीतून मिळणार नसतील, तर शीर्षक आत्ताच बदला. नोंदणी झाल्यावर ते बदलायला किती अर्ज लागतात, ते तुमच्या सीनियरना विचारा.