लांछन, ध्वज आणि मुद्रा : चिन्हपरिभाषेसंबंधी एक टिपण

युरोपीय कुलचिन्हशास्त्राचा परिचय मराठीत करून देताना बहुतेक लेखक पारिभाषिक शब्द नव्याने घडवू लागतात. त्यांतील पुष्कळसे शब्द अनावश्यक आहेत. ‘बोधचिन्ह’, ‘राजचिन्ह’, ‘मानचिन्ह’ आणि ‘मुद्रा’ हे शब्द तर एकमेकांच्या जागी सर्रास योजिले जातात. अभ्यासकाच्या दृष्टीने ही शिथिलता निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे शिलालेखांचे वाचनच बिघडते.

आपल्या मध्ययुगीन प्रशस्तींतील बिरुदावली पाहावी. तीत राजाच्या मूलस्थानाचे नाव, ध्वजावरील चिन्ह, लांछन आणि वाद्य यांचा स्वतंत्र निर्देश येतो. मंगळवेढ्याहून कल्याणच्या गादीपर्यंत पोचलेले कलचुरी स्वतःस कालंजरपुरवराधीश्वर म्हणवितात. ते सुवर्णवृषभध्वज आहेत आणि त्यांचे वाद्य डमरू आहे. कोल्हापूरचे शिलाहार तगरपुरवराधीश्वर, म्हणजे तेरचे, आणि सुवर्णगरुडध्वज. तेर त्यांच्या प्रत्यक्ष सत्तेखाली असो वा नसो, बिरुदात त्याचे स्थान अढळ असते. गोव्याच्या कदंबांचे उदाहरण विशेष बोलके आहे : त्यांचे लांछन सिंह, तर ध्वजावर वानर. एकाच घराण्याची ही दोन चिन्हे असल्याने ध्वज आणि लांछन हे पर्यायशब्द नव्हेत, हे उघड होते. तरीही दोहोंचा अर्थ ‘राजचिन्ह’ असा देऊन मोकळे होणारी भाषांतरे विद्यार्थ्यांच्या हाती पडतात, आणि मग कदंबांनी आपले चिन्ह केव्हा बदलले असा नसलेला प्रश्न उपस्थित होतो.

‘लांछन’ टाळण्याचे कारण समजण्यासारखे आहे. मूळचा ‘खूण’ हा अर्थ मागे पडून आजच्या मराठीत ‘कलंक’ हाच अर्थ उरला. चंद्रावरील खुणेने हे अर्थांतर सुलभ केले असावे. (लॅटिनमधील डाव्या बाजूचा वाचक ‘सिनिस्टर’ इंग्रजीत अशुभाचा वाचक झाला, पण कुलचिन्हशास्त्राने तो ‘डावा’ याच अर्थी टिकविला, आणि तोही पाहणाऱ्याचा नव्हे, ढाल धरणाऱ्याचा डावा.) शब्द बदनाम झाला म्हणून परिभाषेतूनही त्यास हद्दपार करणे मला मान्य नाही. जैन मूर्तिशास्त्रात तीर्थंकरांची लांछने आजही निःसंकोच सांगितली जातात.

तथापि प्रशस्तीतील वर्णन आणि युरोपीय चिन्हवर्णन यांत मूलभूत भेद आहे. तेथे ढालीचे क्षेत्र, त्यावरील आकृती, आकृतीची ठेवण आणि रंग हे ठरावीक क्रमाने सांगितले जातात. सोने व रुपे हे धातू. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवू नये हा नियम. शब्द नॉर्मन फ्रेंच वळणाचे, विशेषण बहुधा नामानंतर. वर्णन प्रमाण, चित्र त्यावरून कोणीही काढावे. आपल्या बिरुदावरून मात्र वृषभ बसलेला की उभा हे कळत नाही, कारण तिचा हेतू चित्र काढविण्याचा नसून वंश आणि अधिकार घोषित करण्याचा होता.

मुद्रेचे प्रकरण त्याहून वेगळे. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा चित्रमय नाही. ती संस्कृत मजकुराची आहे. पत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादा’ची मोर्तब, ही रीत ‘शिक्कामोर्तब’ या जोडशब्दात आजही जिवंत आहे. असे असता 1950 साली भारताने स्वीकारलेल्या सारनाथच्या सिंहशीर्षास आपण ‘राजमुद्रा’ म्हणतो, आणि 2022 मध्ये नौदलाच्या ध्वजावर आलेल्या अष्टकोनासही मुद्रेचीच प्रेरणा सांगितली जाते. दुसऱ्या उदाहरणात मजकूर गळाला आणि चौकट चिन्ह झाली. हे अर्थांतर अयोग्य आहे असे मी म्हणत नाही. पण ते अर्थांतर आहे हे लक्षात घेतले पाहिजे.

याची पूर्वपीठिका 1877 च्या दिल्ली दरबारात सापडते. त्या प्रसंगी संस्थानिकांना ध्वज देण्यात आले आणि त्यांवरील चिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी रचली. शिंद्यांचा नाग तेथे आला खरा. राणोजीवर फणा धरणारा नाग ही घराण्याची आख्यायिका होती, आणि आख्यायिकेतील नाग कृपेची खूण होता. ढालीच्या व्याकरणात शिरल्यावर तो रंग आणि स्थान यांनी बद्ध अशी एक आकृती झाला. या चिन्हांना ‘परंपरागत’ म्हणणारे लेखन तपासून घ्यावे. आकृती जुनी असू शकते, तिची मांडणी मात्र 1877 ची आहे. आणि वर्णन करताना नागास लांछन म्हणावयाचे की ढालीवरील आकृती, हे प्रत्येक वेळी साधन पाहूनच ठरवावे लागेल.