उलटी की सुलटी : मागे घेतलेला एक पेपर वाचताना

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. "एक विचारायचं होतं. पिल्लूची कार सीट उलटी लावायची का सुलटी? दुकानदार म्हणतो वर्ष झालं की सुलटी करा. माझ्या मैत्रिणीने पाठवलंय, दोन वर्षांपर्यंत उलटीच ठेवायची, पाचपट सेफ असते. तू पीएचडी करतेस ना, मग सांग, रिसर्च काय म्हणतो?"

भाची अकरा महिन्यांची आहे, वजन नऊ किलोच्या आसपास. दादा-वहिनी मनवेलपाड्यात राहतात, आणि दादाने यंदा सेकंडहँड गाडी घेतलीय. आत्तापर्यंत गाडी विरार स्टेशन ते घर एवढीच फिरली, पण आता डहाणूच्या महालक्ष्मीला जायचं घाटतंय. म्हणजे विरार फाट्यावरून हायवेला लागायचं, खानिवड्याचा टोल ओलांडायचा आणि थेट चारोटी. याच चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, ४ सप्टेंबर २०२२ ला सायरस मिस्त्रींची गाडी धडकली होती. मागच्या सीटवर बसलेले दोघे गेले, आणि मागे बेल्ट लावलेला नव्हता ही गोष्ट तेव्हा घराघरात बोलली गेली. वहिनीच्या डोक्यात तेच होतं.

मी फोनवर लगेच म्हटलं, "हो, पाचपट. पेपर आहे त्याच्यावर." कारण तो पेपर मला माहीत होता. एम.एस्सी.ला असताना एका सेमिनारमध्ये ऑड्स रेशो समजावायला मी तोच स्लाइडवर टाकला होता. रात्री वहिनीला लिंक पाठवावी म्हणून शोधला, तर पानावर सगळ्यात वर लिहिलेलं होतं की हा पेपर मागे घेण्यात आला आहे.

आजची पोस्ट त्या पेपरवर आहे. संशोधनाला लागायच्या आधी एक तरी मागे घेतलेला पेपर नीट वाचून काढावा असं मला वाटतं, आणि हा त्यासाठी फार चांगला आहे. यात कुणी डेटा बनवलेला नाही, फोटो चिकटवलेले नाहीत. साधी, प्रामाणिक, आपल्या हातूनही होऊ शकेल अशी चूक आहे.

आधी सीटबद्दल थोडं. कन्व्हर्टिबल सीट म्हणजे जी बाळ लहान असताना गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून लावायची आणि नंतर वळवून पुढे तोंड करून वापरायची. एकच सीट, दोन दिशा. आपल्याकडे एआयएस-०७२ हे मानक आहे, त्यातले वजनाचे गट युरोपच्या जुन्या नियमासारखे आहेत: १३ किलोपर्यंत एक गट, ९ ते १८ किलो दुसरा. गंमत बघा, ९ ते १३ किलो या पट्ट्यात बाळ दोन्ही गटांत बसतं. नियम दोन्हीला परवानगी देतो. दुकानदार आणि मैत्रीण दोघंही बरोबर, आणि माझी भाची नेमकी तिथेच उभी.

आता पेपर. हेनरी आणि सहकाऱ्यांचा, २००७ चा, 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या जर्नलमधला. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा खात्याचा १९८८ ते २००३ चा अपघातांचा डेटा घेतला, दोन वर्षांखालची मुलं निवडली, उलट्या सीटवरची आणि सुलट्या सीटवरची यांची तुलना केली. निष्कर्ष असा: सुलट्या सीटवर गंभीर इजेचा ऑड्स रेशो १.७६ (कॉन्फिडन्स इंटरव्हल १.४० ते २.२०). फक्त एक वर्षाची मुलं घेतली तर ५.३२ (३.४३ ते ८.२४). मैत्रिणीच्या मेसेजमधलं 'पाचपट' ते हेच.

२०११ मध्ये अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांपर्यंत सीट उलटी ठेवा असा सल्ला जाहीर केला आणि सोबत याच पेपरचा हवाला देऊन सांगितलं की उलट्या सीटवर मृत्यू किंवा गंभीर इजेची शक्यता ७५ टक्क्यांनी कमी असते. इथे जरा थांबा आणि आकडेमोड करा. १.७६ हा सगळ्या मुलांचा आकडा. तो उलटा केला की १ भागिले १.७६ म्हणजे ०.५७, म्हणजे ४३ टक्के कमी. ७५ टक्के त्यातून निघत नाहीत. "७६ टक्के जास्त" आणि "७६ टक्के कमी" या दोन वाक्यांत कुणाची तरी गल्लत झाली असावी अशी मला शंका आहे. ते काही असलं तरी आकडा जगभर फिरला आणि अजूनही फिरतोय.

पेपर छापून आल्यावर नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच्या विश्लेषणावर प्रश्न आले. लेखकांनी स्वतःचेच निष्कर्ष परत काढून बघायचा प्रयत्न केला. निघाले नाहीत. चूक सर्व्हे वेट्समध्ये होती.

वेट्स म्हणजे काय ते विरारच्या भाषेत सांगते. समजा मी सकाळी विरार स्टेशनवर उभी राहून बारा जणांना विचारलं की तुमच्या घरी कार सीट आहे का. प्रत्येक जण साधारण ५०० प्रवाशांचा प्रतिनिधी आहे असं धरलं, तर माझे बारा जण ६,००० लोकांबद्दल बोलतात. टक्केवारी काढताना हे वेट वापरणं योग्यच आहे. पण मी भेटले बाराच जणांना. सॉफ्टवेअरला नीट सांगितलं नाही तर ते समजतं की मी ६,००० जणांना भेटले, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल ५०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे जवळपास २२ पट, अरुंद करून देतं. उत्तर तेवढंच राहतं, फक्त त्याच्याबद्दलची खात्री फुगते. अमेरिकन डेटाही असाच नमुना होता, प्रत्येक अपघाताला वेट असलेला. जर्नलच्या नोटिशीनुसार वेट्स चुकीच्या पद्धतीने हाताळल्यामुळे मुलांची संख्या प्रत्यक्षापेक्षा जास्त धरली गेली. नीट विश्लेषण केल्यावर उलट्या सीटवर इजेचं प्रमाण कमीच दिसलं, पण आकडे इतके थोडे होते की फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरवता येईना. २०१८ मध्ये पेपर मागे घेतला गेला.

आता माझा खरा मुद्दा. ही चूक डेटा हातात नसतानाही, नुसता सारांश वाचून, पकडता आली असती. मला नाही आली. सेमिनारला बसलेल्यांपैकी कुणालाच नाही आली.

ऑड्स रेशो चार खणांच्या तक्त्यातून येतो: उलटी-जखमी, उलटी-सुखरूप, सुलटी-जखमी, सुलटी-सुखरूप. कॉन्फिडन्स इंटरव्हल किती रुंद हे या चार खणांत किती मुलं आहेत त्यावर ठरतं. वरची मर्यादा भागिले खालची मर्यादा, त्याचा नैसर्गिक लॉग, त्याला ३.९२ ने भागा, वर्ग करा. जे येईल ते म्हणजे चारही खणांच्या व्यस्तांची बेरीज. एक वर्षाच्या मुलांसाठी: ८.२४ भागिले ३.४३ म्हणजे २.४, लॉग ०.८८, भागिले ३.९२ म्हणजे ०.२२, वर्ग ०.०५. चार व्यस्तांची बेरीज ०.०५ असेल तर कुठल्याही एका खणात २० पेक्षा कमी मुलं असूच शकत नाहीत. मॉडेलमध्ये इतर घटक घातले, नमुना गुंतागुंतीचा असला, तर सहसा याहून जास्तच लागतात.

म्हणजे एक वर्षाची, उलट्या सीटवर बसलेली आणि गंभीर जखमी झालेली निदान वीस मुलं डेटात हवीत. पण १९८८ ते २००३ या काळात अमेरिकेतला सल्लाच असा होता की वर्ष झालं आणि वजन ९ किलो झालं की सीट वळवा. त्या वयात उलटी बसणारी मुलं मुळात थोडी, त्यात अपघातात सापडलेली आणखी थोडी, त्यातली गंभीर जखमी म्हणजे बोटांवर मोजण्याइतकी असणार. वीस कुठून आली? सगळ्या मुलांच्या आकड्याला हेच गणित लावलं तर प्रत्येक खणात किमान ७५ लागतात. सीटवर बांधलेल्या बाळांना गंभीर इजा होणं दुर्मीळ असताना हे आकडे खटकायला हवे होते.

दुसरी खटकण्यासारखी गोष्ट तर सारांशातच लिहिलेली होती. उलटी सीट का चांगली याचं कारण काय सांगतात? बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं, जन्मतः लांबीच्या चौथ्या भागाइतकं. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. गाडी समोरून आदळली की सुलट्या सीटवर धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर येतो. उलट्या सीटवर डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात. म्हणजे फायदा सर्वात जास्त समोरच्या धडकेत दिसायला हवा. पण पेपरमध्ये समोरच्या धडकेचा ऑड्स रेशो १.२३, तोही सिग्निफिकंट नाही (०.९५ ते १.५९). आणि बाजूच्या धडकेत ५.५३! बाजूने धडक बसतानाही गाडीला पुढची गती असतेच, त्यामुळे डोकं थोडं पुढे जातं, असं समर्थन करता येतं. पण कारण एका ठिकाणी आणि परिणाम दुसऱ्या ठिकाणी दिसत असेल तर रिव्ह्यूअरने निदान एक प्रश्न विचारायला हवा.

इतकं झाल्यावर मला वाटलं, आता वहिनीला सांगावं की दुकानदाराचं बरोबर होतं. पेपर गेला, मुद्दा गेला. ही दुसरी चूक, आणि ती पहिल्यापेक्षा जास्त लोक करतात. फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. इथे तर मुलं इतकी कमी आहेत की खरोखर मोठा फरक असता तरी हा डेटा तो पकडू शकला नसता.

लेखकांनी पुढे काय केलं ते मला आवडलं. मूळ लेखकांपैकी अनेकांनी मॅकमरी यांच्यासोबत २०१५ पर्यंतचा डेटा घेऊन नवं विश्लेषण केलं आणि 'इंज्युरी प्रिव्हेन्शन'मध्येच छापलं. दोन्ही दिशांना इजेचं प्रमाण कमी आहे, आणि अशा शिफारशींना भक्कम संख्याशास्त्रीय आधार देण्याइतका अपघातांचा डेटा उपलब्ध नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. आपल्याच गाजलेल्या पेपरबद्दल हे लिहायला काय लागत असेल, ज्याने गाइडला एकदा तरी "सर, ग्राफ चुकला होता" असं सांगितलंय त्याला कळेल.

मग उरतं काय? यंत्रणा उरते, जी डमी वापरून केलेल्या चाचण्यांत तपासता येते. स्वीडन उरतो. तिथे चाल्मर्सच्या बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनावरून उलट्या सीटची कल्पना उचलली आणि आज तिथे मुलं चार वर्षांपर्यंत उलटी बसतात. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सल्ला बदलला तो असा: दोन वर्षांची अट काढून टाकली, आणि सीटची उलट्या दिशेची वजनाची-उंचीची मर्यादा येईपर्यंत उलटीच ठेवा असं म्हटलं. पुरावा पातळ झाला आणि सल्ला उलट लांबला! आधी मला हे विचित्र वाटलं. पण उलटी ठेवण्याने नुकसान होतं असं कुठे दिसलेलं नाही, आणि चुकलो तर किंमत बाळाच्या मानेने द्यायची आहे. निर्णय घ्यायला पी-व्हॅल्यू एकटी पुरत नाही.

माझी एक तक्रार मात्र या सगळ्या साहित्याबद्दल राहते. त्या तक्त्यात दोनच प्रकारची मुलं आहेत, उलटी आणि सुलटी. आमच्या मनवेलपाड्यात तिसरा प्रकार सर्वात मोठा: आईच्या मांडीवर. नऊ किलोचं बाळ, गाडी ताशी ५० किलोमीटर, आणि ती एक दशांश सेकंदात थांबली तर बाळाला धरून ठेवायला सव्वाशे किलो उचलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याही आईच्या हातात ती नाही. या तिसऱ्या गटाशी तुलना केली तर उलटी-सुलटीचा वाद किरकोळ ठरतो. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्याचं कलम १९४ब चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड सांगतं, पण तो दंड भरलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि चौथा प्रकार तर स्कूटरवर पुढे उभा असतो.

वहिनीला मी शेवटी असं सांगितलं: "पाचपट विसर, तो आकडा चुकीचा होता. तरी उलटीच ठेव. सीट घेताना ती सुलटी किती किलोपर्यंत चालते ते बघू नकोस, उलटी किती किलोपर्यंत चालते ते बघ." १३ किलोची मर्यादासुद्धा वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन साडेअकरा किलो आहे. डोकं सीटच्या वरच्या कडेपर्यंत पोचलं तर मात्र वजन कितीही असो, वळवायची. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर उलटी कधीच लावायची नाही.

सीट आली. उलटी लावल्यावर पुढची सीट इतकी सरकवावी लागली की दादाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून आता गाडी वहिनी चालवते आणि तो मागे पिल्लूशेजारी बसतो. बेल्ट लावून.

ज्यांना हात साफ करायचाय त्यांच्यासाठी: बाजूच्या धडकेचा इंटरव्हल होता ३.७४ ते ८.१८. वरचीच पद्धत लावा. प्रत्येक खणात किमान २५ मुलं लागतात असं उत्तर यायला हवं. नाही आलं तर आकडेमोड कमेंटमध्ये टाका, बघू कुठे अडलंय.