वारसा कोणाचा, वारस कोण?

‘हेरिटेज हॉटेल’ याचे मराठी आपण ‘वारसा हॉटेल’ असे सहज करून टाकतो. पण ‘वारसा’ हा शब्द आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरातला आहे. वारसा म्हटला की वारसनोंद आली, हिस्सा आला आणि नोंदीतून वगळलेल्याची तक्रारही आली. राजवाड्यांतील मुक्कामाची प्रवासवर्णने या तक्रारीला सहसा जागा देत नाहीत.

जोधपूरचे उदाहरण घेऊ. उमेद भवन राजवाड्याचे बांधकाम १९२९ साली सुरू झाले, १९४३ साली पुरे झाले. खोल्या ३४७. आज एका भागात हॉटेल, एका भागात संग्रहालय आणि एका भागात जुने राजघराणे राहते. दुष्काळात प्रजेला काम मिळावे म्हणून महाराजा उमेदसिंहांनी हा वाडा बांधला, असे कौतुकाने सांगितले जाते. दोन-तीन हजार माणसांना काम मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु दुष्काळी काम म्हणजे काय, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. राज्यभर त्या कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव झाले. तलावाचे पाणी कोणाच्या शेतात अधिक मुरले, हा प्रश्न आहेच. पण निदान रस्ता सर्वांचा झाला. जोधपूरच्या दुष्काळी कामातून एका घराण्याला घर मिळाले. उपाशी माणसाच्या श्रमाला राजाची दया म्हणणे, ही सरंजामी भाषेची जुनी रीत आहे.

त्याच शहरातील मेहरानगडाचा पाया राव जोधाने १४५९ साली घातला. त्या पायात राजाराम मेघवाल या अस्पृश्य माणसाला जिवंत गाडले, असे परंपरा सांगते. किल्ल्यात त्याच्या नावाचा लेखही आहे. म्हणजे गोष्ट लपवलेली नाही. आक्षेप आहे तो तिच्या निवेदनावर. तो स्वेच्छेने गेला आणि त्याच्या वंशजांना जमीन मिळाली, असे सांगून कथा गोड केली जाते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, त्याची स्वेच्छा कसली? जुन्या शहरातील निळी घरे ब्राह्मणांची होती, हेही पर्यटकांना हौसेने सांगतात. मेघवालांची वस्ती कोठे होती, हे कोण सांगतो? येथे जात रंग म्हणून विकली जाते, व्यवस्था म्हणून झाकली जाते.

मुक्कामाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू होण्यास आलेल्या बाबासाहेबांना, ज्या राजाने शिष्यवृत्ती दिली त्याच्याच राजधानीत, राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये हॉटेलांचा उल्लेख नाव घेऊन केला आहे, त्यामागे हा अनुभव आहे. संस्थानिकांचे तनखे १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले. पण राजेपण मात्र रात्रीच्या भाड्याने मिळू लागले. हे हॉटेल खोलीपुरते थांबत नाही. पाहुण्याला ते एका रात्रीचे धनीपण विकते, आणि धनीपणाला समोर वाकलेला माणूस लागतोच.

आपल्यातील काहींना अशा ठिकाणी राहण्याची ऐपत आली आहे, उद्या आणखी काहींना येईल. जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. तो हक्क लढून मिळालेला आहे. पण पाहुणा म्हणून आत जाणे आणि वारस म्हणून आत जाणे यांत अंतर आहे. पाहुणा झुंबर पाहतो. वारस दगड कोणी वाहिला ते विचारतो.

हा प्रश्न जोधपूरपुरता नाही. विद्यार्थी मित्रांनी आपल्या गावच्या वाड्याचे, गढीचे, धरणाचे दगड कोणी वाहिले, ते वृद्धांना विचारून नावांसह लिहून काढावे. साक्षीदार आता थोडे उरले आहेत. वारसनोंद आपणच करावयाची आहे.