शंकूच्या सूत्रातला ‘तीन’ आला कुठून?

शालेय पुस्तकांतले घनफळाचे प्रकरण बहुधा सूत्रांच्या चौकटीभोवती बेतलेले असते. इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल. प्रत्येकापुढे सूत्र, मग उदाहरणे. चौकट पाठ झाली की गुण मिळतात, हे मुलांना ठाऊक असते आणि आम्हा शिक्षकांनाही. आमची तक्रार सूत्रांबद्दल नाही. ती प्रश्न पडण्याआधीच हातात येतात, याबद्दल आहे.

शंकूचेच पाहा. तेवढ्याच तळाच्या आणि उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश त्याचे घनफळ. यासाठी पुस्तकात कृती असते: कागदी शंकूने वाळू ओतून नळकांडे भरा. कृती चांगली; पण ‘तीनदा’ हे उत्तर लगेच खाली छापलेले! मग वाळू आणायची कशाला? आणि आणली, तरी तीनदाच का, हे कळत नाहीच.

आधी मुलांना अंदाज करू द्यावा. त्रिकोण आयताच्या निम्मा, म्हणून शंकूही निम्मा, असे कोणी म्हणाले तर हसू नये. आर्यभटीयात (इ. स. ४९९) त्रिकोणाच्या क्षेत्रफळापाठोपाठ त्रिकोणी तळाच्या सूचीचे घनफळ येते, तेही तळाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या गुणाकाराच्या निम्मे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये तृतीयांश हे बरोबर उत्तर दिले. एवढा थोर गणिती जिथे चुकला, तिथे आपल्या वर्गाने घटकाभर थांबायला काय हरकत आहे?

कारण दाखवणे अवघड नाही. घनाचा एक कोपरा निवडा. त्या कोपऱ्याला न लागलेल्या बाजू तीनच. त्यातली प्रत्येक बाजू तळ आणि तो कोपरा शिखर धरले की घनाच्या तीन अगदी सारख्या सूची होतात. जाड कागदाच्या अशा तीन सूची जोडून घन करावा. ‘तीन’ डोळ्यांना दिसतो. आता वह्यांची चळत तिरकी ढकला. आकार बदलला, पण कागद तेवढाच राहिला. तसेच, दर उंचीवरचे छेद सारख्या क्षेत्रफळाचे असतील तर दोन वस्तूंचे घनफळ सारखेच. या विचाराने सूचीवरून शंकूवर जाता येते.

मग बादली घ्यावी. वरची त्रिज्या १४ सेंमी, तळाची ७ सेंमी, उंची ३० सेंमी. त्रिज्यांची सरासरी १०.५ घेऊन वृत्तचिती मानली, तर (२२/७ धरून) १०,३९५ घसेंमी येतात. दोन वर्तुळांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली, तर ११,५५०. दोन्ही रीती वरवर पटणाऱ्या, तरी उत्तरांत ११५५ घसेंमीचा फरक! खरे कोणते? ब्रह्मगुप्ताने खड्ड्यांच्या मापनासाठी नियम दिला आहे: या फरकाचा तिसरा हिस्सा पहिल्या उत्तरात मिळवा. ३८५ मिळवून १०,७८० घसेंमी होतात. शंकूछेदाच्या सूत्रानेही नेमके तेवढेच. इथेही तोच ‘तीन’ पुन्हा भेटतो.

पुस्तकात शंकूछेदाचे सूत्र असते, पण या दोन चुकीच्या उत्तरांना जागा नसते. आमच्या मते खरा धडा त्यांच्यातच आहे. सूत्र विसरलेला विद्यार्थी निदान एवढे तरी सांगू शकेल, की उत्तर या दोहोंच्या दरम्यान असणार. पुढच्या वेळी हे प्रकरण घेताना चौकट शेवटच्या तासाला फळ्यावर लिहावी. पहिल्या तासाला वर्गात एक बादली आणि लिटरचे माप आणावे.