मालकीची खूण : पामुक यांच्या दोन शीर्षकांचे व्याकरण

ओरहान पामुक यांच्या 'मासुमियेत म्युझेसी' (२००८) या कादंबरीचे नाव मराठीत 'निरागसतेचे संग्रहालय' असे सहज होते. अर्थ फारसा बिघडत नाही. मालकीची खूण मात्र जागा बदलते. मराठीत षष्ठीचा प्रत्यय निरागसतेला लागतो. तुर्कीत 'मासुमियेत' मोकळे राहते आणि 'म्युझे'चे 'म्युझेसी' होते.

तुर्कीत 'एव' म्हणजे घर, 'एविम' माझे घर, 'एवि' त्याचे किंवा तिचे घर, 'एविमदे' माझ्या घरात. आधी मालकीचा प्रत्यय, मग विभक्तीचा. 'माझा हात, माझी वही, माझे घर' असे म्हणताना मराठीत मालक वस्तूच्या लिंगापुढे वाकतो. तुर्कीत व्याकरणिक लिंगच नाही. तिथे वस्तू मालकाची खूण अंगावर बाळगते.

या कादंबरीतला केमाल फ्युसुनच्या हाताला लागलेल्या वस्तू जमवतो. त्यात सिगारेटची ४,२१३ थोटकेही आहेत. तेव्हा भाषेच्या घडणीतूनच ही कथा उगवली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. वाण्याच्या यादीतही हेच व्याकरण असते. समीक्षेने पाहायचे ते लेखकाने केलेल्या निवडीकडे. 'मासुमियेतिन म्युझेसी' म्हटले असते, तर एक विशिष्ट निरागसता मालकीण ठरली असती. तो प्रत्यय गाळल्यामुळे नाव 'ओयुनजाक म्युझेसी', म्हणजे खेळण्यांचे संग्रहालय, याच्या पंगतीत बसते. एका माणसाच्या खाजगी वेडावर सरकारी थाटाची पाटी लागते. कादंबरीतला उपरोध इथूनच सुरू होतो.

'बेनिम आदिम किर्मिझी' (१९९८) मध्ये उलट घडते. 'आदिम' एवढ्यातच 'माझे नाव' आले. 'बेनिम' म्हणजे पुन्हा 'माझे'. प्रेत, कुत्रा, झाड, लाल रंग असे अनेक निवेदक जिथे आपापला 'मी' पुढे करतात, तिथे हे जादा 'माझे' हक्क सांगते. 'माझे नाव किरमिजी' म्हटल्याने तो जोर उतरत नाही, कारण आपल्याला 'माझे' एरवीही लिहावेच लागते. इंग्रजीचीही तीच अडचण. म्हणून इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्या अनुवादकाला मुळात निवड होती, हेच कळत नाही.

तुर्की कादंबरीचा अनुवाद तपासताना म्हणूनच केवळ शब्दार्थ पडताळून भागणार नाही. मालक कुठे वेगळा उच्चारला आहे आणि कुठे वस्तूच्या प्रत्ययावरच भागवले आहे, हेही पाहिले पाहिजे. लेखकाचा आवाज त्या फरकात असतो.