झाडीपट्टीच्या नाटकांतील उसनीं गाणीं

झाडीपट्टींतील नाटकांविषयीं पुण्या-मुंबईकडील सुशिक्षितांशीं बोलूं लागलें, कीं बहुधा एकच आक्षेप ऐकूं येतो : त्यांत सिनेमाचीं गाणीं घुसडलेलीं असतात, तेव्हां त्यांस नाटक तरी कसें म्हणावें? आक्षेप घेणारांपैकीं फारच थोड्यांनीं तीं नाटकें पाहिलेलीं असतात, हें खरें. परंतु तेवढ्यावरून आक्षेप खोटा ठरत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील ज्या रसिकांचें आयुष्य हीं नाटकें पाहण्यांत गेलें, त्यांच्याहि तोंडून आतां हीच तक्रार आमच्या कानीं येते. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम ही रंगभूमि कोठें उभी राहते, तें पाहिलें पाहिजे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील भाताच्या व रानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान घरांत येऊं लागलें, कीं गांवोगांवीं मंडई भरते. पुढें शंकरपट होतात. आणि त्या निमित्तानें लेकी-जांवई व पाहुणे गांवीं आले, कीं रात्रीं नाटक ठरलेलेंच. होळीच्या सुमारापर्यंत हा क्रम चालतो. नाटकमंडळ्यांचें मुख्य ठाणें गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा येथें आहे. गांवचें मंडळ त्यांच्याशीं ठराव करून नाटक आणतें, मोकळ्या जागेंत मंडप घालतें, तिकिटें विकतें. आणि रात्रीं दहाच्या पुढें सुरू झालेला खेळ पहाटेंच संपतो. या नाट्यगृहास भिंती नाहींत कीं पाया नाहीं. तें दरसाल उभारलें जातें व दरसाल उतरतें. परंतु पिढ्यान् पिढ्या त्याच गांवीं, त्याच ऋतूंत उभें राहतें, या अर्थानें तें कोणत्याहि दगडी नाट्यगृहाइतकेंच ऐतिहासिक आहे.

आतां उसन्या गाण्यांकडे वळूं. उसनवारी हाच दोष मानला, तर मराठी संगीत नाटकाचा जन्मच सदोष मानावा लागेल. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत जें शाकुंतल रंगलें, त्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं साकी, दिंडी, लावणी यांच्या, इतकेंच नव्हे तर कानडी पदांच्याहि चाली घेतल्या होत्या. १९११ सालच्या मानापमानांत गोविंदराव टेंबे यांनीं ठुमरी-दादऱ्याची बैठक रंगभूमीवर आणली. इंग्लंडांत जॉन गे यानें १७२८ सालीं आपला ‘बेगर्स ऑपेरा’ लोकांच्या तोंडीं असलेल्या चालींवरच रचला. त्याचाच वंश पुढें ब्रेख्तच्या नाटकावाटे पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’पर्यंत येऊन पोहोंचला.

या सर्वांनीं चाल उसनी घेतली, शब्द मात्र स्वतःचे घातले, असें कोणी म्हणेल. परंतु १९९९ सालीं लंडनमध्यें रंगभूमीवर आलेल्या ‘मामा मिया’ या खेळांत ‘ॲबा’ या स्वीडिश गायकवृंदाचीं गाजलेलीं गाणीं बहुतांशीं शब्दांसकट घेतलीं आहेत, आणि कॅथरिन जॉन्सन या लेखिकेनें एका आई-मुलीची कथा त्यांभोवतीं गुंफली आहे. तेथेंहि गाणें म्हणणारें एक पात्र असतें, व तें कांहीं प्रसंगानें गातें. तेव्हां गाणें कोठून आलें, ही खरी कसोटी नव्हे. ज्या पात्राच्या मुखीं तें आलें, त्याचें तें झालें कीं नाहीं, ही खरी कसोटी.

या कसोटीवर झाडीपट्टीचीं गाणीं दोन जातींचीं दिसतात. एक, पात्रें स्वतः गातात तीं. ऑर्गन व तबला यांचे वादक तेथेंच बसून त्यांची साथ करतात. दुसरीं, दोन प्रवेशांच्या मध्यें नाचासाठीं वाजविलीं जाणारीं; त्यांचा कथेशीं कांहींएक संबंध नसतो. साकोली तालुक्यांतील एका गांवीं आम्हीं पाहिलेल्या एका खेळांत हा भेद फार स्पष्ट दिसला. कर्जापायीं शेत गहाण टाकणारा बाप आणि शहरांत जाऊन घर विसरलेला मुलगा, असें साधें कथानक. बहिणीच्या लग्नासहि मुलगा येत नाहीं, हें कळल्यावर आईनें एक पद म्हटलें. चाल जुन्या सिनेमागीताची, हें ओळखावयास क्षणहि लागला नाहीं. परंतु शब्द त्या आईचे होते, झाडीबोलींतले होते, आणि मंडपांतील बायका पदरानें डोळे पुशीत होत्या. प्रवेश संपला, आणि पुरतीं दोन मिनिटें होण्यापूर्वींच कर्ण्यांतून दणदणाटी गाणें व समोरून शिट्या सुरू झाल्या. जें दुःख पुढील प्रवेशांत वाढावयाचें, तें तेथेंच विझलें. बापाचें काम करणाऱ्या नटास तें पुन्हा पहिल्यापासून पेटवावें लागलें.

मंडळांची अडचण आम्ही जाणतों. थंडीची रात्र, सहासात तासांचा खेळ, नटांस वेषांतरास हवा असलेला वेळ. आणि खर्च तर तिकिटांतूनच भरून काढावयाचा. पोटासाठीं नाचणाऱ्या स्त्रियांस दोष देणें तर केवळ अन्याय होय. विसांवा हवाच. परंतु विसांवाहि नाटकाचाच असूं शकतो. मॅक्बेथांतील राजहत्येनंतर येणारा दारुडा द्वारपाल प्रेक्षकांस हंसवितो. पण स्वतःस नरकाचा द्वारपाल समजून तो जें बरळतो, त्यानें त्या घरांतील पापच अधिक उघडें पडतें. शिवाय झाडीपट्टीस विसांव्यासाठीं परक्याच्या दारीं जाण्याचें कारणच नाहीं. दंडार आणि खडी गंमत हीं तिचींच लेकरें, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीच्या व दंडारीच्या अभ्यासांत आयुष्य वेंचलें, तें ही संपत्ति कपाटांत रहावी म्हणून नव्हे. दोन प्रवेशांच्या मध्यें दंडारीचें गाणें येऊं द्यावें, आणि कर्ण्याऐवजीं समोर बसलेल्या वादकांनीं तें वाजवावें, एवढीच आमची सूचना आहे.

ज्या बोलपटानें १९३२ नंतर संगीत नाटकाचीं नाट्यगृहें ओस पाडलीं, त्याच बोलपटाचीं गाणीं झाडीपट्टीनें आपल्या मंडपांत राबविलीं, ही तिची हुशारी. २०२३ सालीं परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां या रंगभूमीची योग्यता सर्व देशानें मान्य केली. परंतु चाकरीस ठेवलेला मालक होऊं लागला, तर घरधन्यानें वेळींच सावध झालें पाहिजे. नाच पाहावयास आलेल्यास उद्यां नुसता नाचच पुरेल. आईचें पद ऐकावयास आलेला मात्र नाटकाशिवाय कोठें जाणार? मंडप त्याच्याच बळावर इतकीं वर्षें उभा राहिला आहे.