सीमापार नागरी चळवळ आणि लोकशाही उत्तरदायित्व : 'बूमरँग' संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :
सीमापार नागरी चळवळींच्या अभ्यासात मार्गारेट केक व कॅथरिन सिक्किंक यांच्या 'ॲक्टिव्हिस्ट्स बियाँड बॉर्डर्स' (१९९८) या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे. स्वदेशी शासनाची दारे बंद झाली की संघटना परदेशातील समविचारी संघटनांकडे वळतात व त्यांच्यामार्फत बाहेरून शासनावर दबाव आणतात. या प्रक्रियेस लेखिकांनी 'बूमरँग' असे नाव दिले. प्रस्तुत लेखात ही संकल्पना नर्मदा बचाओ आंदोलनाच्या अनुभवावर तपासली आहे.

विवेचन :
सरदार सरोवर प्रकल्पास जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. मणिबेलीपासून (तेव्हाचा धुळे, आजचा नंदुरबार जिल्हा) वॉशिंग्टनपर्यंत पोहोचलेल्या विरोधामुळे बँकेला १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. समितीच्या १९९२ च्या अहवालाने पुनर्वसन व पर्यावरण यांबाबतच्या गंभीर त्रुटी उघड केल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी 'इन्स्पेक्शन पॅनेल' स्थापले. येथवर ही संकल्पना चपखल लागू पडते.

मात्र धरण थांबले नाही. बँक बाहेर पडताच बाहेरील दबावाचे प्रमुख साधनच नाहीसे झाले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास परवानगी दिली आणि २०१७ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. चळवळीने बँकेची कार्यपद्धती बदलली, शासनाचा निर्णय नव्हे. लेखिका प्रभावाच्या पायऱ्या सांगताना संस्थात्मक कार्यपद्धतीतील बदल व राज्यसंस्थेच्या वर्तनातील बदल वेगळे ठेवतात, हे त्यांच्या मांडणीचे बलस्थान होय. तथापि 'बूमरँग' दबावाचे मोजमाप करते, अधिकाराचे नाही. बँकेचे संचालक मणिबेलीच्या मतदारांनी निवडलेले नसतात. म्हणून तेथे मिळालेला विजय हा सहानुभूतीचा असतो, हक्काचा नव्हे. तसेच पॅनेलचा लाभ पुढे अन्य देशांतील बाधितांना झाला. मणिबेलीची जमीन मात्र बुडाली.

समारोप :
जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी जालना जिल्ह्याला मिळते. त्या धरणाच्या विस्थापितांसाठी १९७६ पूर्वी असे कोणतेही जागतिक व्यासपीठ नव्हते. म्हणून तीर्थपुरीसारख्या गोदाकाठच्या परिसरातील वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सीमापार एकजूट बंद दार किलकिले करू शकते. परंतु निर्णयाचे स्थान ग्रामसभाच असली पाहिजे. अनुसूचित क्षेत्रांत भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक करणारा १९९६ चा पेसा कायदा त्या दिशेने जातो. विचारविनिमयाचे रूपांतर संमतीत होईपर्यंत लोकशाहीचे हे काम अपुरेच राहील.